वर्कशॉपमधलं शिकणं कामात उतरवायचं कसं? कोल्हापूरच्या व्यावसायिक फोटोग्राफरसाठी मार्गदर्शक

लग्नसराई ओसरली की फोटोग्राफरांच्या ग्रुपवर जाहिराती सुरू होतात. पुण्यात दोन दिवसांचं लायटिंग वर्कशॉप, मुंबईत फोटो फेअर, सांगलीत कॅमेरा कंपनीचा डेमो, गोव्यात मॉडेलसह लाइव्ह शूट. फी भरली जाते, माणूस जाऊन येतो, हार्ड डिस्कवर सुंदर फोटो साठतात आणि पुढच्या ऑर्डरला स्टेजवरचे फोटो मात्र होते तसेच येतात. यात शिकवणाऱ्याचा दोष फार कमी वेळा असतो. आपण काय शिकायला चाललोय हे ठरवून गेलेलो नसतो आणि परत आल्यावर ते करून बघत नाही, म्हणून असं होतं.

माझं सांगणं एवढंच आहे: एका वेळी एकच प्रश्न घेऊन जा आणि परतल्यावर आठ दिवसांच्या आत तेच काम कोल्हापुरात, आपल्याच साधनांनी, आपल्याच माणसांवर करून बघा. हा सगळा लेख याच गोष्टीच्या तपशिलांचा आहे.

करता करता शिकणं या गावाला नवं नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ. त्यांनी १९१८ च्या सुमारास इथे स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी हाताखाली काम करत तयार झाली आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. तिथे प्रमाणपत्र कुणाला मिळालं नव्हतं. मिळाली होती ती उमेदवारी. आजच्या वर्कशॉपने त्या उमेदवारीची जागा घेतलेली नाही, आणि ती घेऊही शकणार नाही.

आधी स्वतःचं काम उलगडून बघा

गेल्या हंगामातल्या शेवटच्या आठ-दहा ऑर्डरी उघडा. पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्याला, दिलेले फोटो बाजूला ठेवा. टाकून दिलेले फोटो बघा, कारण आपलं खरं दुखणं तिथे सापडतं. प्रत्येक टाकलेल्या फोटोला एका शब्दात कारण लिहा: लाइट, फोकस, क्षण हुकला, पोझ अवघडलेली, रंग बिघडला. तासाभरात एक कारण बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा आलेलं दिसेल. तोच तुमचा प्रश्न.

पण तो प्रश्न नेमका करा. 'मला लायटिंग शिकायचंय' हा प्रश्न नव्हे. 'हॉलमध्ये छताला लाल-पिवळं कापड लावलेलं असताना फ्लॅश कुठे मारू, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर तो रंग चढणार नाही?' हा प्रश्न आहे. 'एलईडी लाइट असलेल्या कार्यालयात फोटोत आडव्या पट्ट्या का येतात?' हाही प्रश्नच आहे, आणि त्याचं उत्तर तर घरबसल्या मिळतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरलं की बऱ्याच पट्ट्या जातात. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा प्रकार वेगळा असतो. तिथे शटर थोडं थोडं बदलत पडद्यावर बघूनच ठरवावं लागतं. अशा प्रश्नासाठी पाच-दहा हजारांची फी भरायची गरज नाही. जे हाताने करून दाखवल्याशिवाय कळत नाही, त्यासाठीच पैसे घाला. माणसांना पोझ देणं, गर्दीत जागा पकडणं, पार्टीशी दराचं बोलणं, दोन-तीन लाइट एकत्र बसवणं या गोष्टी त्यातल्या.

तारखा पंचांग बघून ठरवा

आपला धंदा मुहूर्तांवर चालतो. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीपर्यंत चालतो. त्यात एखाद्या शनिवार-रविवारी वर्कशॉपला गेलात तर फीपेक्षा हातातून गेलेल्या ऑर्डरीचा फटका मोठा. म्हणून खर्चाच्या कागदावर फी, प्रवास, राहणं यांच्याखाली चौथी ओळ लिहा: त्या तारखेला काय काम लागलं असतं.

चातुर्मास हा शिकण्याचा काळ. त्यातही पितृपक्षाचा पंधरवडा जवळजवळ मोकळा असतो, बाहेरगावच्या वर्कशॉपसाठी तो उत्तम. गणपती आणि नवरात्रात बाहेर जाऊ नका, तेव्हा आपलं गावच भरलेलं असतं. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा जपून ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुण्या-मुंबईचा रस्ता काही दिवस बंद होता. त्या दिवसांतली फी परत मिळत असेल तरच आगाऊ भरा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्याही टाका, लेन्सला बुरशी याच महिन्यांत धरते.

कुठल्या शिकण्यातून काय मिळतं

कंपनीचा डेमो फुकट असतो, आणि तो माल विकण्यासाठी असतो हे लक्षात ठेवून जायला हरकत नाही. नवी बॉडी हातात धरून बघणं, आपल्या लेन्सवर फोकस कसा चालतो ते तपासणं, आपलं कार्ड घालून फोटो घरी आणणं यासाठी तो चांगला. तिथे प्रकाशयोजना शिकायची अपेक्षा ठेवू नका.

मोठ्या सभागृहातलं व्याख्यान डोळे उघडतं, हात चालवत नाही. मोठ्या फोटोग्राफरने अख्खं लग्न कसं विचार करून टिपलं हे ऐकण्यात खूप असतं, पण दुसऱ्या दिवशी ते करता येईल असं मानू नका.

खरा फरक पडतो तो लहान, हाताने करायच्या वर्कशॉपमध्ये. ते निवडताना आयोजकाला फोन करून पुढचं विचाराच:

एका शिकवणाऱ्यामागे किती जण? दहा-बाराच्या वर असतील तर लाइटला हात लावायची पाळी येणार नाही.
लाइट आम्ही लावणार की फक्त बघणार?
शिकवणारे आपले रॉ (कॅमेऱ्यातून निघालेले, न सुधारलेले) फोटो आणि फसलेले फोटो दाखवणार का?
आमचे फोटो तपासायला वेळ ठेवलाय का?
मॉडेलला मानधन आणि लेखी संमती आहे का? फोटो आम्ही कुठे वापरू शकतो?

शिकवणाऱ्याचं काम बघताना इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो पुरेसे नाहीत. एका लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवा म्हणावं. वरातीतल्या अंधारात, जेवणाच्या पंगतीत, स्टेजवरच्या रांगेत हा माणूस काय करतो ते तिथे दिसतं. पूर्ण अल्बम दाखवायला जो कचरतो, त्याच्याकडे मी तरी पैसे भरणार नाही.

जाण्याआधीची तयारी

तुमचा एक प्रश्न शिकवणाऱ्याला आधीच लिहून पाठवा. जमलं तर त्या दुखण्याचे पाच-सहा फोटो प्रिंट काढून न्या, फसलेलेसुद्धा. मोबाइलवर फोटो दाखवला की 'छान आहे' म्हणून बोट पुढे सरकतं. हातात कागद दिला की माणूस थांबतो, नीट बघतो आणि बोलतो.

आपला कॅमेरा अंधारात हाताळता यायला हवा: आयएसओ, फोकस पॉइंट, व्हाइट बॅलन्स, फ्लॅशचं मॅन्युअल पॉवर. वर्कशॉपमध्ये मेनू शोधण्यात गेलेला वेळ हा फीतून गेलेला वेळ आहे. सोबत आपलाच फ्लॅश आणि तो लांबून उडवणारा आपलाच ट्रिगर न्या. तिथे महागडे स्टुडिओ लाइट असतील, पण सोमवारी कार्यालयात तुमच्या हातात असणार तो हाच फ्लॅश.

लाइव्ह शूटमध्ये मॉडेलपेक्षा लाइट बघा

बऱ्याच लाइव्ह शूटमध्ये असं होतं: शिकवणारे लाइट लावतात, मॉडेल उभी राहते, एक ट्रिगर हातोहात फिरतो आणि सगळे जण एकाच जागेवरून एकच फोटो काढतात. फोटो देखणा येतो, पण तो तुमचा नसतो. पार्टीला तो 'माझं काम' म्हणून दाखवणं मला योग्य वाटत नाही, कारण तसा फोटो त्यांनी मागितला तर तो द्यावा लागेल.

त्यापेक्षा हे करा. तुमची पाळी येईपर्यंत मागे जाऊन अख्ख्या सेटचा फोटो काढा: लाइट कुठे, किती उंचीवर, कुठल्या बाजूला झुकलेला. चेहऱ्यापासूनचं अंतर पावलांनी मोजा. पॉवर किती, आयएसओ-अॅपर्चर किती ते वहीत लिहा आणि शेजारी साधी आकृती काढा. मग एक एक लाइट बंद करून फोटो काढायची विनंती करा. चांगला शिकवणारा आनंदाने करतो. कुठला लाइट नेमकं काय करतोय हे त्याशिवाय समजत नाही.

लाइटच्या अंतराचा नियम तर पाठच हवा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). हे लग्नात कुठे लागतं ते बघा. स्टेजवर पंधरा-वीस माणसांचा घरचा ग्रुप आहे, दोन-तीन रांगा. फ्लॅश पुढच्या रांगेपासून दीड मीटरवर आणि मागची रांग तीन मीटरवर असली, तर पुढची आत्या उजळून निघते आणि मागचे काका दोन स्टॉप काळे. तोच फ्लॅश पुढच्या रांगेपासून चार मीटरवर नेला, मागची रांग साडेपाच मीटरवर, तर फरक एका स्टॉपच्या आत येतो. लाइट लांब गेल्याने पॉवर किंवा आयएसओ वाढवावा लागेल आणि सावल्याही थोड्या कडक होतील. स्टँड उंच करून लाइट मागच्या रांगेकडे रोखला की पुढच्यांवरचा भार आणखी कमी होतो. वर्कशॉपमध्ये मॉडेल एकटीच असते, म्हणून हा भाग सहसा कुणी दाखवत नाही. तुम्ही विचारा. जेवणाच्या सुट्टीत चार-पाच सहभागींना दोन रांगांत उभं करून दोन फोटो काढले तरी डोक्यात बसतं.

पोझच्या बाबतीत शिकवणाऱ्याचे हात बघू नका, त्याचं बोलणं ऐका. नवरा-नवरीला ते काय सांगतात, कुठल्या शब्दांत सांगतात, कधी गप्प बसतात? मुंबईतल्या मॉडेलला चालणारी वाक्यं आपल्याकडे कागल किंवा गडहिंग्लजच्या घरात चालत नाहीत. सासू-सासरे बाजूला उभे असतात, नवरी लाजलेली असते. 'जवळ या' म्हणण्यापेक्षा 'मुंडावळी जरा सरळ करून द्या त्यांची' म्हटलं की दोघं आपसूक जवळ येतात आणि हसतात. असली वाक्यं स्वतःची स्वतः जमवावी लागतात. वहीचं एक पान त्यासाठी ठेवा.

परिषद आणि फोटो फेअर

मुंबईत भरणाऱ्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक इमेजिंग फेअरसारख्या प्रदर्शनाला एकदा तरी जाऊन यावं. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी मुंबईत, आणि दिवस वाया जात नाही. पण यादी करून जा. अल्बमचे कागद आणि बाइंडिंग, प्रिंटर, लाइट, बॅग यांपैकी या वर्षी आपल्याला काय लागणार आहे तेवढेच स्टॉल आधी. कॅमेऱ्यांच्या स्टॉलवर गर्दी असते, अल्बमवाल्यांकडे मात्र निवांत बोलता येतं, आणि कमाईचा मोठा भाग अल्बममधूनच येतो. कागदाचे नमुने मागून आणा, इथल्या पार्टीच्या हातात द्या, कुठल्यावर त्यांची बोटं थांबतात ते बघा.

खरेदी पहिल्या फेरीत करू नका. बिल, वॉरंटी आणि दुरुस्तीसाठी पाठवायला किती दिवस लागतात हे विचारा. ऐन हंगामात महिनाभर पुण्या-मुंबईत पडून राहणारी बॉडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते. नवी लेन्स घ्यायची तर एका ऑर्डरला भाड्याने लावून मगच.

परिषदेचा सगळ्यात मोठा लाभ म्हणजे ओळखी. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, साताऱ्याच्या फोटोग्राफरांशी नीट बोला. एकाच मुहूर्ताला तुमच्याकडे दोन लग्नं आणि त्यांच्याकडे तारीख रिकामी, असं नेहमी होतं. नंबर घेताना त्यांचं काम बघा, दर विचारा आणि आठवड्याच्या आत स्वतःहून एक फोन करा, नाहीतर ती ओळख फोनमध्येच राहते.

परतल्यावर आठ दिवस

पहिल्याच संध्याकाळी वही उघडून तीन गोष्टी खरडा: काय करायचं, काय करायचं थांबवायचं, कुणाला फोन करायचा. मग चार दिवसांत घरातल्याच माणसाला उभं करून तीच मांडणी आपल्या फ्लॅशने करून बघा. तिथे चार फुटी सॉफ्टबॉक्स होता, तुमच्याकडे पांढरी छत्री आहे. मग काय बदलतं? छत्रीतून प्रकाश सगळीकडे सांडतो, भिंतीवरही पडतो. लाइट जवळ आणला, माणूस भिंतीपासून पुढे घेतला की बराचसा परिणाम साधतो. वर्कशॉपचा फोटो आणि तुमचा फोटो शेजारी लावा, फरक कुठे आहे ते चेहऱ्यावरच्या सावलीच्या कडेवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

आठवा दिवस उलटायच्या आत तीच गोष्ट खऱ्या ऑर्डरीत एकदा वापरा. साखरपुडा, बारसं, वाढदिवस, काहीही चालेल, पण मुख्य फोटो नेहमीच्या खात्रीच्या पद्धतीने काढून झाल्यावर. पार्टीच्या पैशावर प्रयोग करायचा नसतो.

आता आपल्या गावातलं लाइव्ह शूट

मॉडेल थांबते, हसते, पुन्हा करून दाखवते. मैदानातला पैलवान तसं करत नाही. आणि व्यावसायिक फोटोग्राफरची वाढ तिथेच होते, जिथे क्षण पुन्हा मिळत नाही. कोल्हापुरात अशा जागा ठायी ठायी आहेत.

खासबाग मैदान घ्या. शाहू महाराजांच्या काळात बांधलेलं, मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चढती बैठक. कुस्त्यांच्या दंगलीला जायचं तर आयोजकांकडून हौद्याजवळ बसायची परवानगी आधी काढा आणि वस्तादांना भेटून या. फ्लॅश अजिबात नको, पैलवानाच्या डोळ्यांवर तो येतो. ७०-२०० लेन्स, एफ/२.८, शटर १/८०० ते १/१०००, आयएसओ लागेल तेवढा. दिवे लागल्यावर उजेड कमी-जास्त होत असेल तर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा. दिव्याचा उजेड वर आला की मगच फोटो पडतो, त्यामुळे लागोपाठ फोटो थोडे कमी मिळतात, पण एकसारखे येतात. खाली बसून, जवळजवळ मातीच्या पातळीवरून टिपा म्हणजे मागे प्रेक्षकांची भिंत येते आणि पैलवान मोठा दिसतो.

आता क्षण. नवशिका डाव पडल्यावर बटन दाबतो, तोवर दोघं मातीत असतात. ढाक किंवा पुट्ठी असा डाव लागण्याआधी पैलवानाचे पाय हलतात, कंबर वळते आणि हाताची पकड बदलते. बघायचं ते चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे आणि कमरेकडे. त्यासाठी आधी दोन-चार सकाळी तालमीत कॅमेऱ्याशिवाय बसा. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, कुठेही, पण वस्तादांना विचारून. कुठला डाव कुठून सुरू होतो ते ओळखू लागलात की फोटो आपोआप अर्धा सेकंद आधी निघतो. आणि हलगीकडे कान ठेवा. कुस्ती चढत गेली की हलगीची लय बदलते आणि सगळ्या मैदानाचे चेहरे एकदम वळतात. कुस्तीएवढाच चांगला फोटो त्या वेळी मागच्या बाकड्यांवर असतो. हे अंगात मुरलं की लग्नात सप्तपदीला नवरीचं पाऊल उचलण्याआधी तुमचं बोट तयार असतं.

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा ही रंगाची परीक्षा. उंच सासनकाठ्या, चांगभलंचा गजर आणि सगळीकडे गुलाल. गुलालात फोटो फसतो तो लाल चॅनलमुळे. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दाखवतो, पण लाल चॅनल उजव्या कडेला जाऊन फुटलेला असतो, आणि मग कपाळावरचा गुलाल एक सपाट गुलाबी डाग होतो, त्यात कण दिसत नाहीत. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, रॉमध्ये टिपा आणि एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा. लेन्स डोंगरावर बदलायची नाही. एकच झूम लावून जा, बॉडीला पारदर्शक पिशवी गुंडाळा, जोडाच्या जागी टेप. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, आणि कोरडा गुलाल पूर्ण निघाल्यावरच ओलसर फडकं. उलटं केलं तर रंग फटीत जाऊन बसतो. हळदीच्या कार्यक्रमालाही हेच सगळं लागू होतं.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पहाटे पणत्या लागतात. उजाडण्याआधी आभाळ निळं असतं तो वेळ अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो. तेव्हा पणतीचा पिवळा आणि आभाळाचा निळा दोन्ही टिकतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, ३५०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान स्वतः ठरवा. घाटावर ट्रायपॉड मांडून लोकांची वाट अडवू नका. संगीत किंवा रिसेप्शनच्या मिश्र उजेडाची तयारी इथे फुकट होते.

आणि गुऱ्हाळ. ऊसतोडीच्या दिवसांत करवीर, कागल, पन्हाळा भागात कुठेही चला. आत अंधार, काहिलीतून वाफ, चुलवाणातून लाल उजेड आणि दारातून पांढरं ऊन. गुळव्या काहिलीतला रस ढवळत असतो, भेंडीचं पाणी घालून मळी काढत असतो. मीटरिंग शिकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. वाफेवर पाठीमागून ऊन आलं तर ती दिसते, समोरून आलं तर नाहीशी होते. अॅपर्चर-शटर मॅन्युअल ठेवा, नाहीतर दार फ्रेममध्ये आलं की माणूस काळा पडतो. उद्योगप्रतिष्ठानांचं काम करायचं असेल त्यांनी हाच सराव घेऊन उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीत परवानगीने जावं. ओतकामाच्या वेळी बूट, सुती कपडे आणि गॉगलशिवाय आत जायचं नाही.

उमेदवारी आणि कागदावरचं बोलणं

अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली एक हंगाम सेकंड कॅमेरा केलात तर अनेक वर्कशॉपांचं काम होतं. त्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: दिवसाचे किती मिळणार, तुम्ही काढलेले फोटो तुम्ही दाखवू शकता का, आणि कधीपासून.

हा हक्काचा मुद्दा हलका नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर तसं कलम ऑर्डरच्या कागदावर हवं. वर्कशॉपमध्ये काढलेल्या मॉडेलच्या फोटोंचंही तसंच, संमतीपत्रात कुठला वापर लिहिलाय ते वाचून मगच सही करा.

सलून (निवडक फोटोंची स्पर्धा-प्रदर्शनं), स्पर्धा आणि एफआयएपीसारख्या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी संघाच्या किताबांबद्दल थोडक्यात: त्याने फोटो निवडायची शिस्त लागते, पार्टी मात्र किताब बघून पैसे वाढवत नाही. वेळ असेल तर जरूर करा. त्यापेक्षा वर्षातून एकदा दोघा-तिघांनी मिळून शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावलंत तर कोल्हापूरचे चित्रकार येऊन बघतात. फोटोतल्या रचनेवर ते जे बोलतात, ते फोटोग्राफर सहसा बोलत नाहीत.

इथेच शूट भरवायचं असेल तर

काही काळाने तुम्हीच एखादं लहान लाइव्ह शूट भरवा. शिकवायला लागलं की स्वतःच्या कामातली भोकं दिसतात. आठ जणांच्या वर घेऊ नका. विषय एकच ठेवा, म्हणजे 'फक्त एका फ्लॅशवर घरचा ग्रुप' इतका लहान. मॉडेलऐवजी खरं कुटुंब बोलवा: आजी, नातवंडं, एक रडणारं बाळही असू दे. त्यांना मानधन द्या आणि संमती लेखी घ्या. मुली सहभागी असतील तर वेळ दिवसाची आणि जागा उघडी ठेवा, आयोजकांत एक बाई असू दे. फी आधीच जाहीर करा, ती कशावर खर्च होणार तेही सांगा.

फोटो काढून झाले की काम अर्धंच झालं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी दोन-दोन प्रिंट घेऊन परत जमायचं, एक जमलेला आणि एक फसलेला. प्रत्येक फोटोवर आधी बाकीच्यांनी बोलायचं, काढणाऱ्याने शेवटी. दुसऱ्या बैठकीला येणार नसेल त्याला पहिल्या बैठकीलाही घेऊ नका, हे फी घेतानाच सांगा. ज्या कुटुंबाने वेळ दिला, त्यांचे निवडक प्रिंट त्याच आठवड्यात त्यांच्या घरी पोचवायची जबाबदारी एकाच्या नावावर लिहून ठेवा.